टेम्पररी ब्रिज, परमनंट टेन्शन

खरं सांगू? दात मोडायचाच होता तर तो निदान उसाच्या कांडीवर तरी मोडायला हवा होता. चारचौघांत सांगताना जरा बरं वाटलं असतं. माझा मोडला तो खापरावरच्या मांड्यावर! ज्यांनी खान्देशातली ही अगडबंब पुरणपोळी खाल्ली आहे, त्यांना माहितीय की ती चावावी लागतच नाही. त्यात ती धुळ्याच्या माझ्या मावशीच्या हातची. म्हणजे तोंडात ठेवायची आणि विसरून जायचं.

मावसबहिणीचा साखरपुडा, पंगत बसलेली, मी दुसऱ्या घासावर, आणि उजव्या बाजूनं बारीकसा आवाज... ‘कट्’. मी चावायची थांबले.

“काय व्हयनं वं माय? खडा उना का?” मावशी तूप वाढता वाढता थबकली.

खडा नव्हता, मावशी. माझा ब्रिज होता. दोन तुकड्यांत.

आता थोडा फ्लॅशबॅक. खालची उजवीकडची मोठी दाढ मी गमावली, त्याचं श्रेय डेडलाइन्सना. रूट कॅनल ‘पुढच्या आठवड्यात’ करू म्हणत राहिले आणि शेवटी दाढ काढावी लागली. रिकाम्या जागी ब्रिज बसवायचं ठरलं. काम जळगावातच करून घेतलं, कारण घर तिथं आणि पुण्यापेक्षा बजेटही जरा झेपणारं. ज्यांनी हा प्रकार केलेला नाही त्यांच्यासाठी: मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करतात, माप लॅबला जातं आणि तिकडून तीन दातांचा जोडलेला पूल येतो. कडेचे दोन म्हणजे खांब, मधला अधांतरी. लॅबचं काम होईपर्यंत आठ-पंधरा दिवस जे तोंडात राहतं, तो टेम्पररी ब्रिज. डॉक्टरांनी तो खुर्चीशेजारीच बनवला. एका वाटीत पावडर, त्यावर लिक्विड, ढवळा, साच्यात भरा, तोंडात दाबा. काही मिनिटांत दात तयार! मी सॉलिड इम्प्रेस झाले होते.

“पंधरा दिवसांनी या,” डॉक्टर म्हणाले होते.

मी पाच महिने गेले नाही. दोन ठिकाणचं मानधन अडकलं होतं, मग एक असाइनमेंट आली, मग पाऊस. आणि मेन म्हणजे काही दुखतच नव्हतं. दिसतही मस्त होतं. मी त्यावर भरीत खाल्लं, कळण्याची भाकरी खाल्ली, फुटाणे खाल्ले. बॉस, हे तर परमनंटच आहे, असं म्हणून मी डॉक्टरांचा रिमाइंडर दोनदा स्वाइप केला.

मग मांड्यानं कसा मोडला?

उत्तर मिळालं दुसऱ्या दिवशी, धुळ्यातच. माझी शाळेतली मैत्रीण इथं दाताच्या डॉक्टरकीचं पोस्ट ग्रॅज्युएशन करतेय. धुळं हे तसं डेंटलवाल्यांना माहितीचं गाव. साक्री रोडवर अण्णासाहेब चुडामण पाटलांच्या नावाचं डेंटल कॉलेज आहे आणि त्यामुळे बाहेरगावची बरीच मुलं-मुली या शहरात राहून गेलेली असतात. मैत्रिणीनं माझे दोन तुकडे हातात घेतले, उलटसुलट केले आणि पहिला प्रश्न विचारला, “हा सांधा इतका बारीक कुणी केला?”

मी गप्प.

कारण मीच केला होता. म्हणजे करवून घेतला होता. ब्रिज बसवल्यावर मी कुरकुरले होते की मधल्या दाताखाली जाड वाटतंय, अन्न अडकतं, हिरडीला लागतं, जरा घासा ना डॉक्टर. त्यांनी आधी नाही म्हटलं. मी पुन्हा म्हटलं. मग त्यांनी घासलं. बरोब्बर तिथंच मोडला.

“तुला गणित आवडत नाही, पण हे ऐकच,” ती म्हणाली. फंडा असा. पट्टीवर मधोमध वजन पडलं की ती वाकते. वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. आणि पट्टीची ताकद जाडीच्या वर्गात बदलते. जाडी दुप्पट केली तर ताकद दुप्पट नाही, चौपट. उलटंही तेच. तीन मिलिमीटर उंचीचा सांधा दोनवर आणलात तर गेली एक तृतीयांश जाडी, पण ताकद उरते निम्म्याहून कमी. वाकण्याचा हिशोब तर आणखी वाईट. जाडी निम्मी केली की पट्टी आठपट वाकते, आणि दोन खांबांमधलं अंतर दुप्पट झालं तरी आठपटच. म्हणून एकच दात गेलेला असेल तर टेम्पररीचं निभावतं, दोन-तीन सलग गेले असतील तर तोच माल, तेच डॉक्टर, पण खेळ वेगळा.

त्यातून मी घासायला सांगितलं ते नेमकं खालच्या, हिरडीकडच्या बाजूला, जिथं ताण सगळ्यात जास्त. हुशारीच म्हणायची.

योगायोग असा की तिची थीसिस याच विषयावर. सोमवारी तिची सॅम्पल्स मोडायची होती आणि त्यासाठी गावातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये नंबर लावलेला होता. दाताची परीक्षा सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांच्या मशीनवर होते, हे मला त्या दिवशी कळलं. एका कोपऱ्यात सिमेंटचे ठोकळे रचलेले, शेजारी सळयांचे तुकडे, आणि माझी मैत्रीण पर्समधून डबी काढते. डबीत पाण्यात ठेवलेल्या इवल्या पट्ट्या. पंचवीस मिलिमीटर लांब, दोन रुंद, दोन जाड. काडेपेटीतली काडी पाण्यात फुगल्यासारख्या.

पाण्यात का? तर आपलं तोंड म्हणजे कायमचा ओला, ३७ डिग्रीचा डबा. हे प्लास्टिक हळूहळू पाणी पितं आणि किंचित मऊ पडतं. कोरडी पट्टी मोडून आलेला आकडा म्हणजे फोटोशॉप केलेला फोटो, ती म्हणाली. त्यावर गरम चहा, लगेच थंड ताक. फुगणं, आकसणं, फुगणं, आकसणं.

मशीनवर दोन बारीक रूळ, त्यांच्यामध्ये वीस मिलिमीटर अंतर. पट्टी त्यावर आडवी. वरून तिसरा रूळ उतरतो, मिनिटाला जेमतेम एक मिलिमीटर. इतका हळू की मी मोबाइल काढला. स्क्रीनवर रेघ चढत राहते. ‘टक्’. संपलं. पुढची पट्टी.

“आकडे छापू नकोस हं, थीसिस सबमिट व्हायचाय,” तिनं आधीच बजावलं. ठीक आहे, मग पुस्तकातले सांगते. दाताच्या कॅप आणि ब्रिजसाठी वापरायच्या पॉलिमरला आयएसओ १०४७७ नावाचं मानक आहे. त्यात वाकवून मोडायची ताकद किमान ५० मेगापास्कल हवी. ऐकायला भारी. पण त्या दोन मिलिमीटरच्या पट्टीवर याचा अर्थ साधारण १३ न्यूटन, म्हणजे सव्वा-दीड किलो वजन. ८० मेगापास्कलचा माल घेतला तरी सव्वादोन किलोच्या आसपास. दुसरीकडे आपण दाढेनं जोर लावून चावतो तेव्हा तो जोर शेकडो न्यूटनमध्ये जातो. मग तोंडातले टेम्पररी पहिल्याच घासाला का मोडत नाहीत? कारण तिथं अंतर कमी असतं, जाडी जास्त असते, आणि रोजच्या जेवणात आपण सगळा जोर लावतच नाही. पुन्हा तेच. जाडी आणि अंतर.

आता मटेरियल. यात मुख्य दोन घराणी. पहिलं जुनं, पावडर-लिक्विडवालं अॅक्रिलिक. पूर्ण नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. नेल एक्स्टेन्शनच्या पार्लरमध्ये तो डोक्यात जाणारा वास येतो ना? त्याच खानदानातला. प्लेक्सिग्लास किंवा पर्स्पेक्स म्हणून ज्या पारदर्शक शीट्स मिळतात तेही हेच. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा याच्या होत्या. त्यांचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसूनही डोळा ते सहन करतो, हे हॅरॉल्ड रिडली या ब्रिटिश डॉक्टरच्या लक्षात आलं आणि १९४९ मध्ये त्यानं मोतिबिंदूच्या ऑपरेशनमध्ये याच मालाचं भिंग डोळ्यात बसवलं. पुढे कित्येक वर्षं जगभरच्या आजी-आजोबांच्या डोळ्यांत हेच भिंग होतं. असो, विषय दाताचा.

दुसरं घराणं नवं, बिसअॅक्रिल. प्रोटेम्प, लक्साटेम्प अशी नावं क्लिनिकच्या शेल्फवर दिसतात. दोन नळ्यांचं काडतूस बंदुकीत घालायचं, ट्रिगर दाबला की टोकातच मिसळून बाहेर येतं. हातानं ढवळणं नाही, म्हणून बुडबुडे कमी, तापणं कमी, आकसणंही कमी. वाकवायच्या टेस्टमध्ये हे सहसा जुन्या अॅक्रिलिकच्या पुढे जातं. मग सगळे हेच का वापरत नाहीत? एक तर महाग. दुसरं त्या स्क्रीनवर दिसलं. साध्या अॅक्रिलिकची रेघ शेवटी थोडी वाकते, मग तुटते. बिसअॅक्रिलची सरळ चढते आणि खटकन खाली. आधी कुरकुर नाही, नोटीस नाही. शिवाय अॅक्रिलिक मोडलं तर त्याच्याच लिक्विडनं पुन्हा जोडता येतं, बिसअॅक्रिलची दुरुस्ती जरा नखऱ्याची.

आणि ज्यांना टेम्पररी खरोखरच काही महिने ठेवायचा असतो, म्हणजे इम्प्लांट भरून येईपर्यंत किंवा जबड्याचं मोठं काम चालू असताना, त्यांच्यासाठी वेगळी सोय असते. कारखान्यात उष्णता आणि दाबाखाली घट्ट केलेली अॅक्रिलिकची वडी घेतात आणि कॉम्प्युटरवर डिझाइन करून तिच्यातून दात कोरून काढतात. बुडबुड्याला जागाच नाही. बरेचदा शंभर मेगापास्कलच्या वर जातं. थ्रीडी प्रिंटचेही आलेत, पण ते कोणत्या दिशेनं छापले आणि नंतर लाइटमध्ये किती शिजवले यावर बरंच अवलंबून. नाहीतर साध्या अॅक्रिलिकमध्ये काचेच्या धाग्यांची पट्टी घालतात. तीही कुठंही नाही, ताण येतो त्या खालच्या बाजूला. घराच्या स्लॅबमध्ये मधल्या भागातली सळई खालच्या अंगाला का असते, ते कोणत्याही गवंड्याला विचारा. तुलनेसाठी सांगते, परमनंट झिरकोनियाचा आकडा हजार मेगापास्कलच्या घरात असतो.

मला मात्र या सगळ्यातून एक गोष्ट खटकली. टॉप घेताना आपण आतलं लेबल वाचतो, किती कॉटन किती पॉलिएस्टर. फेसवॉशच्या मागचे घटक वाचतो. आणि चोवीस तास तोंडात राहणाऱ्या वस्तूबद्दल आपण एकच विचारतो, “डॉक्टर, शेड मॅच होईल ना?” मीही तेवढंच विचारलं होतं.

पण तरी मांड्याचं कोडं सुटलं नव्हतं. फुटाण्याला टिकलेला ब्रिज मांड्याला कसा गेला?

ते सुटलं जळगावला. धुळ्याहून एसटीनं निघाले. पारोळा, एरंडोल, पाळधी, आणि मग जळगावच्या दारात बांभोरीचा गिरणेवरचा पूल. लहानपणापासून हजारदा पाहिलेला. त्या दिवशी पहिल्यांदा मी खांब मोजत बसले. शेजारच्या काकूंना वाटलं, मला गाडी लागलीय.

घरी मामा आलेले. मामांची उभी हयात एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटईच्या कारखान्यात गेली. बाहेरच्यांना जळगाव म्हणजे केळी आणि सोनं. पण पीव्हीसी पाइप, ठिबकच्या नळ्या, चटया... आमचं अर्धं गाव प्लास्टिकचं पोट जाणतं. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, तुकडा उजेडात धरला आणि म्हणाले, “हे बघ. इथं एअर राहिली.”

मोडलेल्या तोंडाशी टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक.

“आमच्याकडं असा माल रिजेक्ट,” मामा.

“मामा, तो हातानं ढवळतात. खुर्चीत पेशंट आ करून बसलेला असतो.”

“मग त्या डॉक्टरनं तरी काय करावं? मिळतो तेवढ्या वेळात करतो बिचारा.” लगेच दुसऱ्या पार्टीत! मग त्यांनी विचारलं, “घट्ट होताना दाबाखाली ठेवत नाहीत का?” ठेवतात. कोमट पाणी आणि हवेचा दाब असलेलं कुकरसारखं भांडं असतं, त्यात अॅक्रिलिक घट्ट झालं तर बुडबुडे कमी होतात. पण प्रत्येक क्लिनिकमध्ये, प्रत्येक पंधरा दिवसांच्या कामासाठी ते होतंच असं नाही.

“बादलीचा कान कधी तुटतो सांग,” मामा म्हणाले. “भरलेली उचलताना तुटतो असं नाही. रोज उचलून उचलून आत बारीक चीर पडते. ती रोज थोडी पुढं जाते. मग एक दिवस अर्धीच बादली असते, अन् कान हातात.”

मैत्रीण याला फटीग म्हणाली होती, पण खरं सांगायचं तर बादलीच्या कानानं ते मला जास्त कळलं. दिवसाला जबडा हजार वेळा मिटतो धरलं तरी पाच महिन्यांत दीड लाख वेळा. मांडा निमित्त. चीर कदाचित फुटाण्यांच्या दिवसांतच पडली असेल.

हे सगळं चालू असताना आई कळण्याची भाकरी वरणात कुस्करून खात होती. ती हल्ली तशीच खाते. मला वाटायचं, आवड. ती मध्येच म्हणाली, “माझा तर दोन वर्षं झाली टिकला की.”

काय टिकला?

तर आईच्या वरच्या डाव्या बाजूलाही ब्रिज आहे. टेम्पररी. दोन वर्षांपूर्वी केलेला. मला पत्ताच नाही. “अगं, मग परमनंट का नाही बसवलास?” तर म्हणाली, तेव्हा तुझ्या पुण्याच्या फ्लॅटचं डिपॉझिट भरायचं होतं ना. अगदी ‘दूध संपलंय’ म्हणावं तशा सुरात. आणि मी त्या बाजूनं चावतच नाही, म्हणाली. ठणकलं की लवंगेच्या तेलाचा बोळा.

मी मैत्रिणीला लगेच मेसेज टाकला. उत्तर आलं, ‘लवंगेतलं युजेनॉल अॅक्रिलिकला मऊ करू शकतं. आणि ठणकतंय म्हणजे खालच्या दाताला काहीतरी झालंय. उद्याच ने.’

टेम्पररीचं खरं दुखणं मोडण्यात नाही, हे मला दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये दिसलं. मोडला तर पेशंट धावत येतो. न मोडता हळूच कडेनं सैल झाला, सिमेंट विरघळलं, तर घासून बारीक केलेला, वरचं कवच गेलेला दात आत उघडा पडतो आणि कुणालाच कळत नाही. माझ्या बाबतीत मागची दाढ थोडी पुढे कललीय आणि पाच महिन्यांपूर्वीचं माप आता चालणार नाही. नवं माप, थोडा जास्तीचा खर्च. दात दोन्ही शाबूत. म्हणजे माझं स्वस्तात निभावलं.

आईचा ब्रिज डॉक्टरांनी काढला तेव्हा तो अख्खा निघाला. आख्खा! पण खालचा एक खांब निम्मा किडलेला. आधी रूट कॅनल, मग तो दात टिकतोय का बघायचं, मग पुढचं. डॉक्टर काही बोलले नाहीत, मला आरशात दाखवलं फक्त. दोन वर्षांपूर्वी हाच दात चांगला होता, निव्वळ पुलासाठी घासलेला. मी माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीचे फोटो किती जणांना पाठवले होते ते आठवत होते.

आता दोघींना नवे टेम्पररी बसलेत. माझा पुन्हा साधाच, कारण मला पंधरा दिवसांनी परत यायचंय आणि तारीख डॉक्टरांनी कार्डावर लाल पेननं लिहून दिलीय. आईचा महिना-दोन महिने लागणार, म्हणून आत धाग्याची पट्टी घातलेला, लॅबमधून दाबाखाली घट्ट करून आणलेला. बसवून झाल्यावर डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, “काकू, जाड वाटतंय का? थोडं घासू?”

आईनं तोंडातला कापूस सावरत माझ्याकडे एकदा पाहिलं.

“नको हो. जाडच राहू द्या. अन् हवा बघितली ना आत?”